पाठीआडचा वारा

आम्ही एकटेच प्रवासाला निघालो, असे लिहिताना व्याकरण थोडे अडखळते. परंतु सायकलवरून लांबचा पल्ला गाठणारा माणूस तसा एकटा नसतोच. वारा त्याच्या संगतीला असतो. तो सोबती ठरणार की वैरी, हे मात्र सायकलचे तोंड कोणत्या दिशेला आहे त्यावर अवलंबून असते. हा धडा आम्हांला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, गेल्या जुलै महिन्यात, कराड-विटा रस्त्यावर मिळाला.

कन्येकडे कराडला आमचा मुक्काम होता. जावईबापूंची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात होती. ती पुसून, हवा भरून, सकाळी सहाच्या सुमारास आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना या दोन नद्या येथे अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधीही याच काठावर आहे. नद्यांचे पाणी गढूळ होऊन फुगले होते. क्षणभर थांबून आम्ही पूर्वेची वाट धरली.

पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, चार केळी आणि घडी घातलेला एक कागद होता. तो कागद म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंना धाडायच्या पत्राचा मसुदा. वसईच्या वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीवरून आम्हां दोघा भावांचे बोलणे दोन वर्षे बंद होते. 'वाडी तू राखलीस हे खरे; पण आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, घर बांधले ते स्वकष्टाने. वाडीचे आमच्यावर काही देणे नाही,' असे एक वाक्य त्यात होते. ते आम्हांला फार आवडले होते. पायडल मारता मारता आम्ही ते मनात घोळवीत होतो.

ओगलेवाडी आली. आमच्या घरी ज्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आम्ही अभ्यास केला, तो याच गावचा. पुढे उसाचे मळे मागे पडत गेले आणि मुरमाड माळ सुरू झाले. उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध असलेले कडेगाव केव्हा आले आणि केव्हा गेले, कळलेही नाही. विटा कराडपेक्षा उंचावर आहे, म्हणजे रस्ता एकंदरीत चढाचा. तरीही सायकल पाण्यासारखी वाहत होती. दम लागत नव्हता. अंगाला वाऱ्याची झुळूकही जाणवत नव्हती. हवा पडली आहे, असेच आम्हांला वाटले. अजून पायांत ताकद आहे म्हणायची! सव्वादोन तासांत आम्ही विट्याला पोहोचलो.

चहाच्या टपरीवर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "एकटंच आलाय का पाव्हणं?" गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात त्यांनी उमर परमुलखात घालवली होती, या भागातील पुष्कळ कुटुंबे त्याच धंद्यासाठी देशभर विखुरली आहेत. आम्ही आमच्या वेगाची फुशारकी सांगितली. ते हसले आणि टपरीवरच्या ताडपत्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "वाऱ्यानं आणलंय तुम्हांस्नी. आता माघारी जाऊन दावा."

ताडपत्री पूर्वेकडे फुगून फडफडत होती.

पावसाळ्यात हा वारा समुद्रावरून निघतो. सह्याद्रीवर आपटून महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतो, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरवतो आणि या पूर्वभागात येतो तो बहुतेक रिकाम्या हातांनी. म्हणून तर कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून इकडे आणावे लागते. पाणी सरले तरी वाऱ्याचा जोर सरत नाही. आपण ताशी वीस किलोमीटरने जात असू आणि मागून वाराही तेवढाच असेल, तर अंगाला तो लागतच नाही. तोंड फिरवून त्याच वाऱ्यात दहाच्या वेगाने निघालो, तर तीसचा वारा छातीवर येतो.

परतीच्या वाटेवर तो आला. रस्ता उताराचा, तरी पायडल मारणे थांबवले की सायकल जागीच उभी राहू लागली. डोळ्यांत धूळ, कानांत एकसारखा घोंगाट. किलोमीटरचे दगड हलेनात. तीनदा उतरून आम्ही सायकल हाताने ढकलली. आम्हांला वाऱ्याचा रागच आला. जणू त्याने आमच्यावर काही अन्याय केला होता. सकाळी त्यानेच चढावर नेले, त्याबद्दल मात्र त्याचे आभार मानल्याचे आठवत नाही.

कडेगावच्या अलीकडे ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर संथपणे पुढे आला. चालविणारा तरुण मागे वळून ओरडला, "मामा, मागं मागं या. वारं लागायचं न्हाई!" आम्ही ट्रॉलीच्या आडोशाला शिरलो आणि कानांतला घोंगाट एकदम थांबला. पाय हलके झाले. ती शांतता आमच्या ओळखीची होती.

कॉलेजच्या वर्षांत दादा आम्हांला सायकलवरून स्टेशनवर पोहोचवीत. पहाटे पुढे भाजीची टोपली, मागे कॅरियरवर आम्ही. संध्याकाळी तेच न्यायला येत. स्टेशन पूर्वेला, आमचे गाव समुद्राच्या बाजूला. म्हणजे घरी जाताना खारा वारा रोज समोरून. रस्ताभर दादांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला असे, आणि आम्ही त्या पाठीआड पुस्तक उघडून बसलेले असू. चार वर्षांत आमच्या पुस्तकाचे पान वाऱ्याने उडाल्याचे आठवत नाही. वारा नव्हता असे नव्हे. पुढे पाठ होती.

तीनेक किलोमीटरांनंतर ट्रॅक्टर शेताच्या वाटेला वळला. तरुणाने हात हलवला. वारा पुन्हा छातीवर आला. पण आता राग आला नाही. जे अंतर सव्वादोन तासांत तोडले होते, त्याला परतताना साडेपाच तास लागले.

त्या संध्याकाळी आम्ही दादांना फोन लावला. काय बोलावे सुचेना. शेवटी विचारले, "दादा, स्टेशनवरून येताना तुला वारा फार लागायचा का रे?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "वारा काय, रोजचाच. तू मागे हलायचा नाहीस, तेवढे बरे होते." आणि थोड्या वेळाने, "जेवलास का?"

वाटणीचा प्रश्न एका फोनने सुटला नाही. मोजणी व्हायची आहे, कागद व्हायचे आहेत, आणि आमचा हिस्सा आम्ही सोडलेला नाही. पण पत्रातील ते आवडते वाक्य आम्ही त्याच रात्री खोडले. त्या जागी दुसरे काही लिहिण्याऐवजी, पत्र न धाडता स्वतःच वसईला जायचे ठरविले. जाण्याचा दिवसही ठरला आहे. स्टेशनवर न्यायला येतो, असे दादा म्हणाले आहेत. त्यांचे वय आता एकाहत्तर. या खेपेला सायकल आम्ही चालवू, ते मागे बसतील.