दोरी बघलंस?

गिंडीत ऑक्टोबर लागला की आभाळ भरून येतं. इथला मोठा पाऊस आता सुरू होतो. आमच्या कोकणात मात्र याच दिवसांत समुद्र निवळतो. दोन किनाऱ्यांचं वेळापत्रकच वेगळं आहे. पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते १५ एप्रिल ते १४ जून, आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै. त्यामुळे इथे पावसात परेडला उभा असतो तेव्हा माझं मन हमखास विजयदुर्गाच्या खाडीत असतं. तिकडे आता तांबोशी गरवायचे दिवस असतात.

विजयदुर्ग म्हटलं की आपल्याला आंग्र्यांचं आरमार आणि १७५६ ची लढाई आठवते. आम्हा तिथल्या मुलांना त्याआधी वाघोटन खाडी आठवते. तांबोशीची पिल्लं खाडीतल्या कांदळवनात वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खडपांकडे जातात. हा मासा दिसायला तांबूस आणि देखणा, पण दातांचा भारी. गरी लागली की तो सरळ खडपाच्या बिळाकडे धाव घेतो. तंगूस जरा सैल पडला तर मासा बिळात जातो आणि तंगूस दगडावर कापला जातो. म्हणून होडी खडपाच्या अगदी जवळ, पण खडपावर जाणार नाही अशी नांगरावी लागते. सगळी भिस्त नांगराच्या दोरीवर.

मी तेव्हा अकरावीत होतो. कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. भरतीचा आमच्याकडचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी पावणेआठच्या सुमारास संपणार. पहाटे चार वाजता ओहोटीबरोबर बाहेर पडायचं आणि भरतीबरोबर परत यायचं, असं बाबांनी ठरवलं. आमची होडी लहान, यंत्र नसलेली, दोन वल्ह्यांची. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला दोरी तपासायला सांगितली होती. मी मित्रांबरोबर किल्ल्यावर गेलो आणि विसरलो.

पहाटे होडी ढकलताना त्यांनी विचारलं, “दोरी बघलंस?”

“बघलंय,” मी म्हणालो. अंधार होता, थंडी होती आणि पुन्हा सगळी दोरी उलगडायचा कंटाळा आला होता. एवढंच कारण.

उजाडता उजाडता माझ्या गरीला मासा लागला. तसा ओढा मी आधी कधी अनुभवला नव्हता. पाय फळीला टेकवून मी तंगूस धरला आणि त्याच वेळी होडी बाजूला फिरली. बाबा नाळेकडे गेले. त्यांच्या हातात नुसती सैल दोरी आली. नांगर खाली राहिला होता. ओहोटी आम्हाला बाहेर ओढत होती आणि खडपावर फुटणारं पांढरं पाणी जवळ येत होतं.

“काप तो तंगूस!”

मी क्षणभर थांबलो. मग कापला आणि वल्हं धरलं. पुढचा सव्वा तास आम्ही दोघं वल्हवत होतो. आधी खडपापासून सुटण्यासाठी आणि नंतर नुसतं जागेवर राहण्यासाठी. माझ्या तळहातांची कातडी निघाली. बाबा काही बोलत नव्हते. फक्त श्वास ऐकू येत होता. वयाच्या मानाने तो फारच जोरात चालला होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. पावणेआठनंतर पाणी थांबलं, मग वळलं आणि भरतीने आम्हाला आत आणलं.

किनाऱ्यावर त्यांनी दोरीचं तुटकं टोक माझ्यासमोर धरलं. निम्मे धागे ताजे, पांढरे. निम्मे जुने तुटलेले, काळे पडलेले. बघितली असती तर आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं.

“बघूक नाय म्हणून सांगितलं असतंस,” ते म्हणाले, “तर मीच बघितलं असतंय.”

त्यांनी एवढंच सांगितलं, घरी आईलाही नाही.

गेल्या महिन्यात रात्रीच्या नकाशा-होकायंत्राच्या सरावाआधी प्रशिक्षकांनी रांगेत एकेकाला विचारलं, टॉर्चच्या बॅटऱ्या तपासल्या का? पाऊस पडत होता, सगळ्यांना निघायची घाई होती. माझ्या तोंडात “येस सर” तयार होतं. आधीच्या पाचही जणांनी तेच म्हटलं होतं. मला ते काळे धागे दिसले.

“नो सर. तपासल्या नाहीत.”

माझ्यामुळे सगळी तुकडी पावसात उभी राहिली. बॅटऱ्या ठीक निघाल्या. रगडा मात्र मिळायचा तो मिळालाच. मित्र म्हणाले, एवढं खरं बोलायची काय गरज होती? त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. उद्या आपल्यापैकी कुणी “तपासलं” म्हणेल आणि त्या शब्दावर विसावून तीस जवान निघतील. आपण “हो” म्हटलं की दुसरा कुणी पुन्हा बघत नाही. दोरी जुनी होणं हा काही कुणाचा गुन्हा नाही. त्या “हो”मुळे मात्र ती बघणारं शेवटचं माणूसही निघून जातं.

गेल्या रविवारी घरी फोन केला. बाबा आता एकटेच जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते. ओहोटी कधी, वारा कसा, सगळं सांगून झालं. मग मी विचारलं, “बाबा, दोरी बघलंस?”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

“थांब,” ते म्हणाले, “बघून येतंय.”