पाणी मुरावे लागते



घरातल्या काचेच्या पेटीतला मासा मेला, की पुष्कळांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. कोणी म्हणते, घरावरचे अरिष्ट त्याने स्वतःवर घेतले. कोणी म्हणते, पेटी ठेवण्याची दिशा चुकली. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, असा हिशेबही कोणीतरी सांगून ठेवलेला असतो. मासा बिचारा यातल्या कशानेच मेलेला नसतो. नव्या पेटीतला मासा बहुतेक वेळा कच्च्या पाण्याने मरतो. पाणी कच्चे कसे असते आणि ते मुरते कसे, एवढेच आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

पन्नास वर्षांच्या कीर्तनसेवेत मासोळीचा दृष्टांत मी किती वेळा दिला, त्याची गणती नाही. पाण्याबाहेर काढलेली मासोळी जशी तळमळते, तशी देवावाचून भक्ताची स्थिती. श्रोत्यांचे डोळे पाणावत, टाळकरीही क्षणभर थबकत. पुढे आवाजाने साथ सोडली, गुडघ्यांनीही सोडली, आणि मी घरी बसलो. नातू शिकायला परगावी गेला, त्याची काचेची रिकामी पेटी मागे राहिली. तो फोनवरून सांगत गेला, ‘आजोबा, आता हे करा, आता ते करा,’ आणि मी करत गेलो. तेव्हा दृष्टांताची दुसरी बाजू दिसली. मासोळी पाण्यात असूनही तळमळू शकते. नुसते पाणी पुरत नाही, ते जगवणारे पाणी असावे लागते.

दोन वर्षांपूर्वी एकादशीला हरिपाठ आटोपला आणि एका बाईंनी मला देवळाच्या पायरीवर गाठले. म्हणाल्या, ‘‘महाराज, पोराने हौसेने मासे आणले. आठ दिवसांत पाच गेले. सासूबाई म्हणतात, घराला काहीतरी लागलंय. शांत करून घ्यावी का?’’

मी विचारले, ‘‘माउली, पाणी भरल्यावर मासे किती दिवसांनी सोडले?’’

‘‘त्याच दिवशी. दुकानदाराने पिशवीत बांधूनच दिले होते.’’

‘‘आणि मासा मेल्यावर काय केलंत?’’

‘‘सगळं पाणी ओतलं, पेटी घासूनपुसून लख्ख केली, नवीन पाणी भरलं.’’

त्या माउलीने हयगय काहीच केली नव्हती. उलट दर वेळी इतकी सफाई केली, की पाण्याला मुरायला सवडच मिळाली नाही. मी म्हणालो, ‘‘शांत नको. त्या पैशात माती, वाळू आणि वनस्पती आणा, आणि सहा आठवडे थांबा.’’ सासूबाईंची समजूत काढायला मी स्वतः गेलो. संतांनी शकुन-अपशकुनाच्या भयातून आपल्याला सोडवले, ते भय काचेच्या पेटीतून पुन्हा घरात येऊ देऊ नये, असे त्यांना सांगितले. त्या पटकन ऐकणाऱ्या नव्हेत. पण सहा आठवडे थांबायला पैसे पडत नाहीत, हे त्यांना पटले.

आता पाण्याच्या पोटात काय चालते ते ऐका. मासा श्वास घेतो, खातो, मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले खाद्य कुजले, की त्याचाही अमोनियाच होतो. हे विष कल्ले जाळते. निसर्गाने त्यावर डोळ्यांना न दिसणारे सेवेकरी नेमले आहेत. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते, म्हणून मासा भरल्या पाण्यात धापा टाकतो. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते, आणि वनस्पतींना खत म्हणून चालते. हे सेवेकरी वाळूवर, दगडावर, पानांवर, गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. वस्ती भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लोणच्याची फोड मुरायला वेळ लागतो, तसेच हे. घाईने बरणी हलवून ती लवकर मुरत नाही.

पेटी मांडायची रीत सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी नवशिक्याला बरी. माती-वाळू घालून आणि वर थोडी जागा सोडून तीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावते. भरलेल्या पेटीचे वजन माणसाएवढे होते, तेव्हा मेज मजबूत आणि सपाट हवे. खिडकीचे ऊन थेट पडू देऊ नये, नाहीतर पाणी हिरवे होते. तळाशी एक इंच साधी बागेतली माती घालावी. तीत शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेले नसावे. तिच्यावर एक-दीड इंच धुतलेली जाड वाळू पसरावी. वाळूवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावेत; फेस आला तर तीत चुना आहे, ती घेऊ नये. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळू धार सोडावी, म्हणजे माती उसळत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे औषध त्यात घालावे.

वनस्पती पहिल्याच दिवशी लावाव्यात, आणि हात राखून लावू नयेत. व्हॅलिस्नेरियाची लांब पाती मागच्या बाजूला, हायड्रिला कोपऱ्यात, क्रिप्टोकोरिन पुढे. जावा फर्नचा आडवा कंद वाळूत पुरू नये, कुजतो. तो दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावा. दिवा दिवसाकाठी सात-आठ तास पुरे. जास्त उजेड दिला तर वनस्पतींच्या आधी शेवाळच माजते.

क्रिप्टोकोरिनची एक खोड आहे. तिची जागा बदलली, की आठ-दहा दिवसांत तिची सगळी पाने गळून चिखल होतात. नवखा माणूस मेली म्हणून उपटून टाकतो. मूळ जिवंत असते. कुजकी पाने तेवढी काढावीत, मुळाला हात लावू नये. दोन-तीन आठवड्यांत वाळूतून बोटभर नवी पाने वर येतात, आणि ती नव्या पाण्याला मानवलेली असतात. माहेरचे घर सोडून आलेल्या मुलीला, गाव सोडून शहरात आलेल्या म्हाताऱ्याला असाच थोडा काळ द्यावा लागतो. त्या काळात त्यांना रोज उपटून पाहू नये.

या सहा आठवड्यांत पेटीत काहीच घडत नाही असे वाटते. पाणी गढुळते, निवळते, काचेवर तपकिरी थर येतो, जातो. वनस्पतींसोबत आलेल्या गोगलगायी काच चाटत फिरतात. माणसाचा जीव कासावीस होतो, की एवढे सजवले आणि आत जीव नाही. पण जीव असतो, तो आपल्याला दिसत नाही एवढेच. थेंबांनी पाणी तपासण्याची पेटी दुकानात मिळते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन चार-सहा दिवस तसेच राहिले, म्हणजे पाणी मुरले.

मग मासे. मी झेब्रा डॅनिओ निवडले. निळ्या पट्ट्यांचे हे दीड इंची मासे मूळचे आपल्याच भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतले. ते दिंडीसारखे मेळ्याने राहतात; एकटा-दुकटा ठेवला तर बावरतो. एवढ्या पेटीत सहा-आठ पुरेत. आधी तीन-चार सोडावे, पंधरा दिवसांनी उरलेले. काचेत जीव कोंडावा का, हा प्रश्न वारकऱ्याच्या मनात यायलाच हवा, माझ्याही येतो. मी त्याला एवढेच उत्तर देतो, की त्यांना फिरायला जागा, लपायला झाडी आणि श्वासाला निर्मळ पाणी देता येत असेल तरच ठेवावेत. पाण्याच्या पेल्याएवढ्या भांड्यात शोभेसाठी मासा ठेवू नये.

सन १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने भांड्यात दोन सोनेरी मासे आणि हीच व्हॅलिस्नेरिया ठेवून पाहिली. जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्या कुजके खाऊ लागल्या, त्यांची अंडी माशांना झाली, माशांचा मळ वनस्पतींना झाला, वनस्पतींचा प्राणवायू माशांना झाला. कोणीच फुकट जेवले नाही आणि कोणीच उपाशी राहिले नाही. पण त्याने एक अट नोंदवली: माशांची संख्या वनस्पतींना झेपेल एवढीच हवी.

ती अट आपल्या हातात आहे. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. मासा आपल्याला पाहून काचेशी येतो, माया दाटते, आणि आपण आणखी चिमूट टाकतो. ती जास्तीची माया तळाशी कुजते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे नाही. स्पंज नळाखाली धुवू नये, क्लोरीनने सेवेकरी मरतात; पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळून घ्यावा. रात्री दिवा मालवल्यावर वनस्पतीही प्राणवायू घेतात. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून दिसले तर समजावे, गर्दी झाली आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. पेटीचा कंटाळा आला, तर जीवदया म्हणून मासे आणि वनस्पती नदीत सोडू नका. आपल्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या देशात शोभेची फुलवेल म्हणून आली. पेटीतली घाण खातो म्हणून विकला जाणारा सकर मासाही अशाच दयेपोटी देशातल्या अनेक नद्यांत पोचला, आणि तिथल्या मूळच्या माशांच्या वाट्याचे खातो. मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्या. छाटलेल्या वनस्पती कुंडीत घाला, उत्तम खत होते.

नदीतही तेच सेवेकरी राबतात. पेटीत त्यांना झेपेल तेवढेच टाकायचे असते, हे आपण चिमटीने मोजून शिकतो. घाटावर निर्माल्य, पत्रावळी आणि साबण पाण्यात सोडताना तीच चिमूट आठवावी.

तेव्हा माउलींनो, पेटी करा किंवा करू नका. पण कोणाच्या घरी मासा मेला आणि कोणी घराला दोष लावू लागले, तर त्यांना एवढेच विचारा, की पाणी किती दिवसांचे आहे?