कुपवाडहून चांदोलीला

फजरची नमाज पढून आम्ही कुपवाडहून निघालो. एमआयडीसीच्या चिमण्या मागे पडल्या. आष्टा, मग शिराळा. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पुढे वारणेवरचे चांदोली धरण आणि त्यामागे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. बिबट्या, अस्वल, गवा यांचे हे घर.

शिराळ्यात मामू गाडीत बसले आणि लगेच बजावले, "पोरांना मधे ठेवा. उसाच्या कडेला एकट्याने वाकून बसू नका; बिबट्याला वाकलेला माणूस लहान जनावर वाटतो. समोर आलाच तर पळायचे नाही. ताठ उभे राहून मोठ्याने बोला, हळूहळू मागे सरका. जंगलवाटेवर बोलत चाला. अचानक गाठ पडली की अस्वल अंगावर येते."

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागाने बेजार झाला आणि पकडल्यावर मेला. वर्षभराने आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात गवा आला. तेव्हा लोकांना दूर ठेवले, म्हणून तो जिवंत परत गेला.

धरणाजवळ लांबवर गवा चरत होता. थोरला मोबाईल घेऊन उतरू लागला. मामूंनी त्याचा हात धरला, "बेटा, आधी उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा. नबीजींची (स.) हीच शिकवण."

तो मुकाट्याने बसला. गव्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा चरू लागला.