याचक

मजजवळ एक लॅपटॉप आहे. २०१० साली तो घरी आला तेव्हा तो नवा होता आणि मी नोकरीत होतो. आता आम्ही दोघेही निवृत्त झालो आहोत. फरक इतकाच, की माझ्या निवृत्तीचा समारंभ झाला, हारतुरे झाले; त्याची निवृत्ती मात्र १४ जानेवारी २०२० रोजी परस्पर उरकली गेली. त्याच्यावर चालणारी विंडोज ७ ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी आम्हां सामान्य गिऱ्हाइकांपुरती सोडून दिली. सोडून दिली म्हणजे ती बंद पडली असे नव्हे. यंत्र पूर्वीसारखेच सुरू होते, पूर्वीसारखेच कुरकुरते. पण त्याच्या भिंतीत पुढे जी नवी भगदाडे सापडतील ती बुजवावयास आता कोणी गवंडी यावयाचा नाही.

घरची मंडळी ते डबडे टाकून द्या म्हणतात. मी टाकीत नाही, कारण त्यात माझी आई आहे. ती १९५२ साली लग्न होऊन नागपुराहून कलकत्त्यास आली आणि इथलीच झाली. २०११ आणि २०१२ ह्या दोन वर्षांत संध्याकाळी ती सांगत असे आणि मी टंकीत असे. अशी तीनशेवर पाने झाली. २०१३ मध्ये ती गेली. ती पाने ज्या मराठी प्रोग्रॅमात लिहिली तो त्याही वेळी जुनाच होता. त्याच्याबरोबर यूएसबीत खोचावयाची एक इवलीशी कुलूपकिल्ली मिळत असे. ती खोचल्यावाचून प्रोग्रॅम उघडत नाही, आणि खोचली तरी नव्या विंडोजवर तो चालत नाही. त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागा बळकावून बसलेली असत. फाँट गेला की भाडेकरूही गेले. मागे उरते ती रोमन अक्षरांची निरर्थक रांगोळी. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण छपाईच्या धंद्यात जुन्या फाँटांचे राज्य पुढे पुष्कळ वर्षे टिकले, आणि आम्ही त्या राज्याचे प्रजाजन होतो.

आठवड्यातून दोन दिवस मी येथील एका संस्थेच्या ग्रंथालयात बसतो. आईच्या सांगण्यातल्या तारखा, दंगलीचे आणि दुष्काळाचे दिवस, रस्त्यांची जुनी नावे हे सारे तिथे ताडून पाहता येते, आणि तयार झालेले पान त्याच दिवशी पुण्यातल्या एका स्नेह्याकडे वाचावयास पाठविता येते. इमारत इंग्रजी अमदानीतली. तिच्या भिंती इतक्या जाड, की आत मोबाइलचा जीव गुदमरतो. तेव्हा संस्थेच्या वायफायवाचून गती नाही.

घरचे वायफाय आणि संस्थेचे वायफाय ह्यांत मोठा भेद आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. घरी एकच परवलीचा शब्द असतो. तो ज्याला ठाऊक तो आत. संस्थेत प्रत्येकाचे नाव निराळे, परवलीचा शब्द निराळा. भिंतीवरचा तो चपटा पांढरा डबा केवळ द्वारपाल. तो स्वतः कोणास ओळखीत नाही. आलेल्याचा निरोप आतल्या सर्व्हरकडे पोचवितो आणि आतून होकार आला म्हणजे दार उघडतो. ही रीत २००१ साली ८०२.१एक्स ह्या रूक्ष नावाने ठरून गेली. तीत दारात उभ्या असलेल्या यंत्रास इंग्रजीत जी संज्ञा दिली आहे तिचा सरळ अर्थ ‘याचक’ असा होतो. अभियंत्यांच्या भाषेत क्वचितच इतका अचूक शब्द सापडतो.

परंतु हा याचक अगदीच लाचार नव्हे. आपले नाव सांगण्यापूर्वी त्यानेही समोरच्यास विचारावयाचे असते, ‘तू कोण?’ सर्व्हर मग आपले प्रमाणपत्र दाखवितो. ते कोणा विश्वासू अधिकाऱ्याने दिले आहे काय, त्याची मुदत चालू आहे काय, हे याचकाने पाहावयाचे. मन भरले तरच परवलीचा शब्द पुढे करावयाचा. म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते.

एके सकाळी माझ्या याचकास आत घेईनात. पडद्यावर एवढेच उमटले, की जोडणी करता आली नाही. कारण नाही, खुलासा नाही. मी परवलीचा शब्द सात वेळा टंकला, यंत्र दोनदा बंद करून सुरू केले आणि शेवटी ते काखोटीस मारून नेटवर्कचे काम पाहणाऱ्या तरुणाच्या खोलीत गेलो.

“बसा काकू,” तो म्हणाला.

बंगालीत काकू म्हणजे काका. ह्याच शहरात जन्मलो, सत्तरी गाठली, तरी कोणी मला ‘काकू’ म्हटले की माझा मराठी कान क्षणभर दचकतो. आणि घरच्या खऱ्याखुऱ्या काकूंना हा प्रकार सांगितला म्हणजे त्यांस हसू आवरत नाही.

त्या मुलाने माझ्या लॅपटॉपला हातही लावला नाही. त्याने आपल्या सर्व्हरची नोंदवही उघडली. याचकास का परत पाठविले ते याचकाच्या चेहऱ्यावर दिसत नाही, द्वारपालासही ठाऊक नसते. ते आतल्या वहीत लिहिलेले असते. तिथे स्पष्ट नोंद होती: माझे यंत्र टीएलएस १.० ह्या बोलीत बोलत होते आणि सर्व्हरने नुकतेच ती ऐकणे सोडले होते. ही गुप्त संभाषणाची बोली १९९९ सालची. मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळीने तिला रीतसर मोडीत काढले. २००८ साली आलेली १.२ ही सुधारलेली बोली माझ्या विंडोजला येत नव्हती असेही नाही. २०१४ च्या एका दुरुस्तीने ती शिकविली होती. पण वायफायच्या दारात ती आपण होऊन वापरावी असे कोणी सांगितले नव्हते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, पुष्कळ खोल, एक नोंद स्वहस्ते करावी लागते. ती त्याने केली आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

आमचे यंत्र सुरू व्हावयास एक चहा लागतो. तेवढ्यात तो मिस्किलपणे म्हणाला, “काकू, मराठ्यांना बाहेर ठेवण्याचा उद्योग ह्या शहराने पूर्वीही केला आहे.”

तो मराठा खंदकाविषयी बोलत होता. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालात उतरले, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी भीतीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबले, कारण मराठे आलेच नाहीत. १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने शहर घेतले तेव्हा त्या खंदकाचा काही उपयोग झाला नाही. पुढे १७९९ मध्ये तो पुष्कळसा बुजवून सर्क्युलर रोड झाला. त्याच्या खालच्या भागास आज आचार्य जगदीशचंद्र बसूंचे नाव आहे. १८९५ मध्ये ज्यांनी इथल्या टाउन हॉलात बिनतारी लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखविली तेच हे बसू. बंगाली मुले ‘बर्गी’ हा शब्द पाळण्यातच ऐकतात. तो आपल्या बारगिराचा अपभ्रंश. माझी आई नागपूरची आहे हे मी त्या मुलास सांगितले नाही.

यंत्र जागे झाले, पण त्याने लगेच जोडू दिले नाही. एका चौकोनाकडे बोट दाखवून त्याने विचारले, “ही खूण कोणी काढली?” सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासावे, अशा अर्थाची ती सूचना होती आणि तिच्यापुढची खूण पुसलेली होती. मला आठवले. काही वर्षांपूर्वी असेच वायफाय अडले असता एका ओळखीच्या गृहस्थाने अर्ध्या मिनिटात ते ‘दुरुस्त’ केले होते. मी त्याचे आभारही मानले होते.

मुलाचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. ती खूण काढली म्हणजे याचक ‘तू कोण?’ हा प्रश्नच सोडून देतो. समोरच्या फुटपाथवर कोणी संस्थेच्या वायफायचेच नाव देऊन खोटा डबा मांडला, तरी माझे यंत्र त्याच्याशी बोलावयास लागणार. परवलीचा शब्द उघडा दिला जात नाही, गणिताच्या आवरणात जातो. पण ते आवरण एका दिवसात फोडता येते हे २०१२ सालीच जाहीरपणे सिद्ध झाले आहे. त्याच शब्दावर माझी टपालपेटी उघडत होती. इतकी वर्षे मी ज्याला दुरुस्ती समजत होतो ती वस्तुतः काय होती हे मला तेव्हा कळले.

त्याने खूण परत केली, आणि अर्थातच जोडणी पुन्हा अडली. मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. मी म्हटले, “चालत असलेले तू बंद पाडलेस.” तो शांतपणे म्हणाला, “काकू, घड्याळ पाहा.” घड्याळ १ जानेवारी २००९ दाखवीत होते. लॅपटॉपची मोठी बॅटरी केव्हाच मेली होती; आत घड्याळापुरता एक नाणेवजा सेल असतो, तोही संपला होता. परिणामी, वायर काढून मी घरून निघालो की वाटेत यंत्राची स्मृती जाई. प्रमाणपत्र अलीकडचे, यंत्राच्या मते साल २००९. ज्याची मुदत अद्याप सुरूच व्हावयाची आहे असे प्रमाणपत्र ते मान्य कसे करणार? त्याचे वागणे चोख होते, काळ तेवढा चुकला होता. चांदनी चौकातून वायर जोडलेला तो सेल थोडक्या रुपयांत मिळाला.

ह्यानंतर उरली एक शेवटची अडचण. प्रमाणपत्र ज्या अधिकाऱ्याने दिले त्याचे नावच माझ्या जुन्या यंत्राच्या यादीत नव्हते. ते इंटरनेटवरून घेता आले असते. पण इंटरनेट मिळावयाचे ते हे नाव यादीत आल्यावर! पेनड्राइव्हने ती गाठ सुटली. मग जोडणी झाली, आणि खूण कायम ठेवून झाली. वरच्या वाचनालयात मात्र ती कधीच मिळाली नाही, कारण तिथले डबे केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माझ्या यंत्राचा कान २.४ च्या पलीकडे ऐकत नाही. तळमजल्यावरची एक खिडकी मी शुभ समजत असे; तिचे रहस्य एवढेच निघाले.

हे सुख चार महिने टिकले. मग संस्थेने ठरविले, की ज्या प्रणालीस दुरुस्त्या मिळत नाहीत तिला आत घ्यावयाचे नाही. मुलगा स्वतः सांगावयास आला. “काकू, हा नियम मीच सुचविला,” तो म्हणाला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा उपद्रव यंत्रायंत्रांतून पसरला आणि ब्रिटनमधील इस्पितळांची कामे खोळंबली, तेव्हा बळी पडलेल्यांत फार मोठा भरणा विंडोज ७ चा होता. त्या भगदाडाची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी ती बसविली नाही त्यांना भोगावे लागले. माझ्या यंत्रास तर आता बसवावयास दुरुस्तीच नाही. एका याचकाची ओळख पटली म्हणून तो निरोगी ठरत नाही, आणि आत शेकडो यंत्रे शेजारी शेजारी बसलेली. मी वाद घातला नाही. त्याच्या जागी मी असतो तर तेच केले असते. वाईट वाटावयाचे ते वाटलेच.

तेव्हापासून लॅपटॉप घरीच असतो, कोणत्याही जाळ्यास न जोडता. आईची पाने एकेक करून पेनड्राइव्हने नव्या यंत्रावर नेतो आणि युनिकोडमध्ये बदलून घेतो. बदलणारा प्रोग्रॅम बहुतेक अक्षरे नीट आणतो. रफार भलत्या अक्षरावर ठेवतो, काही जोडाक्षरे मोडतो. म्हणून दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. परवा एका पानावर दुपारच्या वेळी दारी आलेल्या टपालवाल्यास आई म्हणते, ‘पाणी खाऊन जा.’ मी ‘खाऊन’ खोडून ‘पिऊन’ केले. मग शंका आली म्हणून जुन्या पडद्याकडे पाहिले. तिथेही ‘खाऊन’च होते. बंगालीत पाणी खातात. साठ वर्षांत आईही ते खावयास लागली होती, आणि टंकताना मी सुधारले तेव्हा तिने मला ते परत लिहावयास लावले होते, हे आठवले.

‘पिऊन’ खोडले. एकशे बारा पाने झाली आहेत.