घराच्या हिशेबातील तास

माटुंग्याची दोन खोल्यांची जागा विकून डोंबिवलीत प्रशस्त घर घ्यावे, असा विचार चिरंजीवांनी मांडला. त्यांची पेढी मशीद बंदरला. माटुंग्याहून लोकलने वीसेक मिनिटे, डोंबिवलीहून तासाहून अधिक. बँकेतील सवयीने मी कागद घेतला. रोजचा दीड तास जादा, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४५० तास. अहोरात्र धरल्यास जवळजवळ १९ दिवस. कर्जाच्या अर्जात हा रकाना नसतो!

सूनबाईंचा प्रश्न मात्र निराळाच निघाला. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; चोविहार पाळणाऱ्याने पेढी कधी बंद करावी? आज पाचला निघून ते घरच्या ताटावर बसतात. तिकडे गेल्यास डबा पेढीवरच उघडायचा आणि मुलांसोबतचे जेवण रविवारपुरते उरायचे. जागा अपुरी आहे, हेही खरेच. तूर्त सौदा थांबवला असून शीव-वडाळ्याकडे भाड्याने थोडी मोठी जागा मिळते का, ते पाहत आहोत.