सावलीतले निळे फूल

घरामागे चार हात जागा असली, तरी आपल्या माता-भगिनी तिथे अळू, कढीपत्ता, एखादा मोगरा लावल्याशिवाय राहत नाहीत. अडचण येते ती सावलीची. आमच्या इस्लामपुरातल्या दाट वस्तीत शेजारची भिंत वर चढली की परसातले ऊन गेलेच. अशाच एका परसात शेजारच्या नववीतल्या मुलीने निळी पॉपी पेरली. मोबाईलवर तिने त्या फुलाचे चित्र पाहिले; खाली 'सावलीत वाढते' असे लिहिले होते. खाऊचे पैसे साठवून पोरीने बियांचे पाकीट मागवले, महिनाभर पाणी घातले. एक कोंब वर आला नाही. आम्हाला म्हणाली, "काका, माझा हातच वाईट आहे. मी लावलेलं जगत नाही."

हे वाक्य आम्हाला लागले. कचेरीतली कारकुनी सांभाळून आम्ही संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो. 'आपल्याला जमत नाही' हा धडा मुले किती लवकर पाठ करतात, ते रोज पाहतो. म्हणून या फुलाची माहिती मिळवली आणि तिच्यापुढे ठेवली.

निळी पॉपी ही हिमालयाची लेक. उत्तराखंडातल्या 'फुलों की घाटी'त, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, तिची एक जात पावसाळ्यात फुलते. भूतान देशाचे ते राष्ट्रीय फूल आहे. १९१३ साली बेली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तिची एक जात तिबेटात आढळली. १९२४ साली किंग्डन वॉर्ड यांनी तिचे बी विलायतेला नेले. स्कॉटलंडच्या थंड, ओल्या हवेत ती रमली. पण जिथे उन्हाळा कडक, तिथे कसलेले माळीही तिच्यापुढे हात टेकतात.

कारण सरळ आहे. तिला सावली हवी हे खरे, पण ती थंड सावली. पालापाचोळा कुजलेली, किंचित आंबट, भुसभुशीत जमीन हवी. आपल्या कृष्णाकाठची माती काळी, चिकट, चुनखडीची. वैशाखात पारा ४० अंशांकडे जातो. भिंतीची सावली ऊन अडवते, उकाडा अडवत नाही. मग यात पोरीच्या हाताचा काय दोष? आणि मातीचा तरी काय? याच मातीत ऊस डोक्यावर जातो.

एक सावधगिरीही सांगतो. पॉपी म्हणून कोणी डब्यातली खसखस पेरू नये. ती अफूची झाडे. परवान्याशिवाय लावणे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मग सावलीत निळे फूल नाहीच का? आहे, आणि फुकट आहे. त्या मुलीची आई रोजाने खुरपायला जाते. पावसाळ्यात ती जो केना उपटून बांधावर टाकते, त्याचे फूल पाहिले आहे का? नखाएवढे, पण निळेशार. सकाळी उमलते, दुपारी मिटते. ओल आणि सावली त्याला मानवते. कांडीचे पेर ओल्या मातीला टेकले की मुळ्या फुटतात. एवढेच नव्हे, तो मातीखालीही बारीक फुले धरतो आणि तिथेच बी करतो. म्हणून तर खुरपणाऱ्या बाया त्याला वैतागतात!

आईने दोन कांड्या आणल्या, पोरीने त्या फुटक्या बादलीत लावल्या. आठ दिवसांत पाने धरली. 'हात वाईट' ही भाषा बंद झाली.

भगिनींनो, केना डब्यात किंवा बादलीतच लावा, नाहीतर सगळे परस व्यापील. कोवळ्या पानांची भाजी होते, भजी होतात. मात्र गटाराकाठचा किंवा औषध फवारलेल्या रानातला घेऊ नका. घरात थोडे ऊन येत असेल तर कुंपणाला गोकर्ण सोडा, तेही निळेच.

आणि मूल 'मला जमत नाही' म्हणाले, तर त्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी त्याला कोणती माती, किती ऊन, किती पाणी मिळाले, एवढे जरूर पाहा.