मागच्या काचेची शाकारणी

प्रीमियर पद्मिनीची मागची काच पत्र्याला चिकटवलेली नसते, ती रबरात बसवलेली असते. या रबराला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात. त्याला दोन खाचा असतात: एका खाचेत काचेची कड बसते, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची. काच आणि पत्रा एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट ११०० डिलाइटची रचना अशीच होती, आणि पुढे तीच गाडी पद्मिनी झाली. आजच्या गाड्यांत काच पॉलियुरेथेनने पत्र्याला जखडलेली असते आणि बॉडीच्या मजबुतीत तिचाही वाटा असतो. पद्मिनीच्या काचेवर असा भार नाही. खड्ड्यात बॉडी किंचित पिळवटली, तर तो पीळ रबर सोसते आणि काच सुखरूप राहते. मात्र त्याच हालचालीने रबर आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट पडते आणि पाण्याला तेवढी पुरते.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. पेण-रोह्याकडे मात्र पडवीत, ताडपत्रीखाली जपलेली एखादी पद्मिनी अजून दिसते. तिचा खरा शत्रू वय नव्हे, पाऊस. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातच पेणच्या खारेपाटात धरमतर खाडीवरून येणारा वारा खारा असतो. झड लागली की पाणी वरून खाली न पडता आडवे येते. अशा हवामानात मागच्या काचेचे काम मे महिन्यातच उरकावे, घराची शाकारणी चालू असते तेव्हा. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर उघडलेला पत्रा नीट वाळत नाही, आणि ओलीवर मारलेला रंग फार दिवस टिकत नाही.

काम सुरू होते ते गळती शोधण्यापासून. पाणी जिथे दिसते तिथे ते शिरलेले असतेच असे नाही. वरच्या कोपऱ्यात शिरलेले पाणी रबराच्या खाचेतून काचेभोवती फिरते, खालच्या कोपऱ्यात बाहेर पडते आणि मागच्या सीटमागील फळीखालून डिकीत उतरते. म्हणून आधी आतली बाजू कोरडी पुसावी आणि रबराच्या कडेने खडूची पूड लावावी. मग एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावे. पाण्याची सुरुवात खालच्या कडेपासून करायची, प्रत्येक भागावर चार-पाच मिनिटे थांबायचे आणि हळूहळू वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर एकदम सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. या तपासणीत कधी काच निर्दोष ठरते आणि टपाच्या पन्हळीतला सांधा दोषी निघतो. तेव्हा काच काढायचे कारणच उरत नाही.

काच काढायची ठरली, तर जुने रबर वाचवण्याचा मोह टाळावा. बाहेरचा ओठ ब्लेडने कापून काढला की काच आतून तळहाताने हलकेच ढकलता येते. बाहेर झेलायला दुसरा माणूस हवाच. ही काच टफन असते. सहाशे अंशांहून अधिक तापवून तिच्यावर हवेचे झोत सोडलेले असतात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. सपाट बाजूवर ती मोठा भार सोसते, पण कडेला एक टोला बसला की संपूर्ण काचेचा चुरा होतो. ती कापता येत नाही की घासून लहान करता येत नाही. म्हणून तिची कड सिमेंटच्या जमिनीवर कधीही टेकवू नये. खाली गोणपाट किंवा जुनी गोधडी अंथरावी. काच हातात आहे तोवर तिच्यावरची जुनी काळी फिल्मही खरवडून काढावी. मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात.

रबर निघाल्यावर पत्र्याची खरी अवस्था दिसते. गंज बहुधा खालच्या दोन कोपऱ्यांत असतो, आणि वरून फुगवटा दिसतो त्याहून तो बराच आत गेलेला असतो. सगळ्या कामाचा निकाल या कडेवर लागतो आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते. छिद्रांवर लांबी भरून, घासून, रंग मारला की डोळ्यांचे समाधान होते. पण लांबी भरलेली कड मूळ पत्र्यापेक्षा जाड होते, रबराच्या खाचेत पूर्ण जात नाही आणि ओठ उघडा राहतो. शिवाय गाडी पिळवटली की लांबी तडकते. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करणे आणि टाका घासून सपाट करणे, एवढाच उपाय खरा. नंतर एपॉक्सी प्रायमर मारावा. नुसते रेड ऑक्साइड ओल शोषते, कोकणात त्याच्यावर विसंबू नये. वरचा रंग पुरता वाळायला काही दिवस द्यावे लागतात. कच्च्या रंगावर दाबलेले रबर रंगाला चिकटून बसते.

नवे बीडिंग मुंबईत ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजारात शोधावे लागते. जुन्या स्टॉकमधले सीलबंद पाकीट पाहून हुरळून जाऊ नये. वीस वर्षे गोदामात पडलेले रबर न वापरताही म्हातारे झालेले असते. ते दुमडून पाहावे. वळणावर बारीक भेगा दिसल्या तर परत करावे. नैसर्गिक रबराला ऊन आणि ओझोन खातात, ईपीडीएम रबर त्यांना जास्त काळ दाद देत नाही. कोपरे साच्यात घडवलेले अखंड कडे मिळाले तर उत्तम. मीटरवर विकत घेतलेली पट्टी असेल तर ती मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब कापून दाबून जोडावी, कारण रबर पुढे आकसते. सांधा वरच्या बाजूला मध्यावर ठेवणे बरे. खाली पाणी साचते आणि कोपऱ्यात ताण जास्त असतो.

बसवण्याआधी रबर अर्धा तास उन्हात ठेवून मऊ करावे, काचेच्या कडेवर चढवावे आणि पत्र्यासाठीच्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी सर्वत्र भरावी. सुतळी नको, ती रबर कापते. दोरीची दोन्ही टोके खाली मध्यावर वीतभर एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूला लोंबती ठेवायची. पत्र्याच्या कडेला साबणाचे पाणी लावायचे. ग्रीस, तेल किंवा रॉकेल लावू नये, त्याने रबर फुगते. मग काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. आतला माणूस दोरी काचेच्या मध्याकडे ओढत जातो आणि रबराचा आतला ओठ पत्र्यावरून उलटत जातो. जिथे दोरी सुटत असते नेमक्या तिथेच बाहेरचा माणूस तळहाताने दाब देतो. आधी खालची कड, मग कोपरे, बाजू आणि शेवटी वरची कड. दोघांचा मेळ जमला तर काम काही मिनिटांत होते. दोरी अडली तर जोर लावायचा नाही. काच मोकळी करून पुन्हा बसवायची. हिसका दिला की ओठ फाटतो.

सीलंटबद्दल गैरसमज फार आहेत. पाणी रबर रोखते, सीलंट फक्त साहाय्य करते. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि उघड्या पत्र्याला गंज चढवते. पॉलियुरेथेन कडक धरते, त्यामुळे पुढच्या वेळी काच काढताना रंगच उखडून येतो. इथे हवे ते कधीही न वाळणारे काळे ब्यूटिल. ते नळीच्या टोकाने काच आणि रबर यांच्यामध्ये सर्वत्र भरावे. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये मात्र वरच्या कडेला आणि बाजूंनाच सलग भरावे. खालच्या कडेला बाहेरच्या ओठाखाली मध्यावर दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी. हे ऐकायला उलटे वाटते, पण कारण साधे आहे. वरून चुकून शिरलेले पाणी खाचेतून फिरत खालीच येते. खालच्या कडेला रबराची खाच जमिनीकडे उघडी असते, म्हणून तिथून पाणी बाहेर तरी पडते नाहीतर आत. बाहेरची वाट बुजवली की त्याला गाडीत उतरण्यावाचून मार्ग राहत नाही. कोकणातल्या कौलारू छपराचे शहाणपण हेच आहे. कौल पाण्याला पुढच्या कौलावर सोडते, ते कौल त्याच्या पुढच्यावर, आणि शेवटी पाणी पागोळ्यांतून अंगणात पडते. मागच्या काचेभोवती सीलंटचा जाड थर दिसला, तर खाली गंज लपवला आहे असेच समजावे.

बसवलेली काच एक दिवस न हलवता ठेवावी, मग पुन्हा पाइपने खालून वर पाणी सोडून पाहावे. उभ्या गाडीची ही परीक्षा अर्धीच असते. पेणहून वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंडीतून रोह्यापर्यंत भर पावसात एक फेरी मारावी. खड्डे, वळणे आणि आडवी झड या तिन्हींत बॉडी हलते आणि रबराचा कस लागतो. रोह्याला पोचल्यावर डिकीतली चटई उचलून खालच्या दोन्ही कोपऱ्यांत तळहात फिरवावा. तळहात कोरडा निघाला तर काच बसली.